भगरीचे नमुने पितृपंधरवड्यातच घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि मग अन्न व औषध प्रशासनाचे लोक दुकानांतून नमुने उचलतात. तोवर बराचसा माल खपलेला असतो. किराण्यातला हंगाम नीट पाहिला, तर तपासणीची खरी वेळ सापडते.

एरवी भगरीला तुरळक गिऱ्हाईक. आषाढी एकादशीपासून उठाव सुरू होतो, श्रावणात वाढतो आणि सलग नऊ दिवसांच्या उपवासांमुळे नवरात्रात शिगेला पोहोचतो. मधल्या गणपतीत रवा, मैदा, बेसन, साखर पुढे येते आणि भगरीचं उरलेलं पोतं मागे सरकतं. त्यात तारखांचा घोळ. घटस्थापना २०२२ मध्ये २६ सप्टेंबरला होती. अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ती १५ ऑक्टोबरला आली. मागच्या वर्षीचं बिल पाहून त्याच तारखेला माल भरला, तर तो १९ दिवस जास्त पडून राहतो, तेही दमट हवेत.

मूळ अडचण पिकाची आहे. भगर ज्या वरईपासून होते, ती खरिपाची, नवा माल दिवाळीच्या आसपास घोटीकडच्या भगर मिलमध्ये येऊ लागतो. म्हणजे नवरात्रात विकली जाणारी भगर बहुतेक आदल्या हंगामातली, अख्खा पावसाळा गोदामात काढलेली. टरफलासकट वरई टिकते. भरडलेली भगर ओल धरते आणि पीठ त्याहून लवकर. त्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढली, की तिचं विष धुऊन किंवा शिजवून जाईल याची खात्री नसते. म्हणून भगरीचं पीठ दळून दुकानात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानांत सगळ्यात वाईट सवय म्हणजे डबा रिकामा न करता भरणं. तळाच्या कोपऱ्यात मूठभर जुनी भगर जाळी धरून चिकटलेली असते आणि तिच्यावरच नवं पोतं रितं होतं. डबा धुऊन, उन्हात कडक वाळवूनच भरावा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, तोंड बांधून ठेवावीत.

ग्राहकांनी सुटी भगर टाळावी. पाकिटावर पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक पाहावा. पीठ लागलंच तर त्या दिवसापुरतं घरी मिक्सरवर काढावं. कोंदट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या, तर निवडत न बसता सगळंच टाकून द्यावं.

नवरात्राचा माल घाऊक बाजारातून पितृपंधरवड्यात उचलला जातो. प्रशासनाने नमुने त्याच पंधरवड्यात भगर मिल आणि घाऊक गोदामांतून घ्यावेत, घटस्थापनेपूर्वी निकाल द्यावेत आणि सदोष बॅचचे क्रमांक वर्तमानपत्रांतून जाहीर करावेत, म्हणजे आम्हा किरकोळ दुकानदारांना तो माल वेळेत परत करता येईल.

– एक किराणा दुकानदार, नाशिक