क्योटोची इंजिन शेड आणि आपली मिरज

सांगली

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

लेकाकडे जपानला जाऊन आलो ते तुला ठाऊक आहे. क्योटोच्या रेल्वे म्युझियमचं मात्र फोनवर मुद्दाम काही बोललो नाही, ते सावकाश लिहायचं होतं.

तिथली उमेकोजी शेड १९१४ ची. मधे टर्नटेबल, त्याच्यापासून पंख्यासारखे पसरलेले २० रूळ, आणि त्या सगळ्यांवर काँक्रीटचं सलग वळसेदार छत. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. इंजिन टर्नटेबलवर घ्यायचं, फिरवायचं आणि मोकळ्या रुळावर सोडायचं, या कामातूनच तो आकार आलाय. रुळांवर छतातून खाली उतरलेली धुराडी, रुळांमधे माणूस उतरून काम करेल असे पिट. एका इंजिनाच्या चाकाजवळ वाकलो तर ताज्या ग्रीसचा वास आला. दिलीप, त्या वासानं मी तिथेच खिळलो रे!

वाफेचे दिवस सरत आले तेव्हा, १९७२ मध्ये, जपानी रेल्वेच्या शंभरीनिमित्त तिथे म्युझियम झालं. २०१६ ला त्याला मोठी नवी इमारत जोडली, पण शेड शेडच राहिली. अजून तिथे इंजिनं पेटवतात, दुरुस्त करतात, लोकांना डब्यात बसवून थोडं फिरवून आणतात. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं. इंजिन पेटतं ठेवायचं तर फायरमन लागतो, फिटर लागतो, म्हणजे वस्तूबरोबर हुन्नरही टिकतो. नुसता रंग मारून चौथऱ्यावर चढवलेल्या इंजिनाकडून पोरांना काय कळणार?

आणि मग साहजिकच मिरज आठवली. मीटरभर रुंदीच्या रुळांचं मीटरगेज होतंच, १९२७ ला पंढरपूरहून बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी लाईन आली, १९७१ ला पुण्याकडून रुंद रुळांचं ब्रॉडगेज. तिन्ही गेज एका जंक्शनात! आषाढीला टपावर बसून जाणारे वारकरी तर आपण डोळ्यांनी पाहिलेत. आता छोटी लाईन गेली. जुनं जे काही बांधकाम उरलंय, ते पाडायच्या आधी कोणीतरी त्याचा विचार करायला हवा, आणि तो आपणच का करू नये?

सुरुवात तुझ्या तात्यांपासून करू. बॉयलर कसा धुवायचे, चाकावर हातोडा मारून आवाजावरून तडा कसा ओळखायचे, हे इमारतीच्या नकाशात सापडणार नाही. तात्या सांगतील ते सगळं रेकॉर्ड करून घेऊ. त्यांची अवजारं अजून माळ्यावर असतील तर भंगारात घालू नकोस, पाया पडतो.

येत्या रविवारी येतो. तात्या दुपारी झोपत असतील तर संध्याकाळची वेळ ठरव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन