ताई, तुमच्या त्या पेन्सिलच्या कंसांसाठी थँक्यू

ताई,

समोर बोलायचं म्हटलं की राहूनच जातं, रिहर्सल संपली की सगळ्यांची आवराआवर चालू असते, म्हणून इथेच लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच, कारण हौशी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा पेच कधी ना कधी पडतोच. नोकरी, घर, रिहर्सल, रिहर्सलची तयारी, आणि जे स्वतःसाठी वाजवायचंय ते कायम उद्यावर. माझं ते म्हणजे जर्मन संगीतकार बाखचं एकट्या व्हायोलिनसाठीचं संगीत, १७२० च्या हस्तलिखितातलं, ज्यात साथीला कोणीच नाही आणि चाल, साथ, खर्ज सगळं त्या चार तारांवरच उभं करायचं. मी ऑर्केस्ट्रा सोडायच्या विचारात होतो हे फक्त तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही सोडू नको असं म्हणालाच नाहीत. माझा सेकंड व्हायोलिनचा पार्ट मागून घेतलात, शेजारी बसवून पहिल्या पानापासून नुसता वाचायला लावलात, वाद्य केसमध्येच, आणि जिथे हात खरंच अडेल तेवढ्याच बारना (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यांना) पेन्सिलने कंस करायला सांगितलंत. तिसऱ्या पोझिशनला, म्हणजे हात वर सरकवून, उडी मारणारी ती धावती ओळ, शेवटाकडचे तार बदलत जाणारे सोळांश (भरभर जाणारे छोटे सूर), अजून दोन-चार जागा, बस. बाकी सगळे लांब धरलेले सूर, ऑफबीट आणि विश्रांतीचे बार! आणि मी रोज अख्खा पार्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसायचो. मग तुमचा नियम, बोटं ताजी असताना आधी बाख, नंतर कंस मेट्रोनोमवर हळू, आणि कंस झाले की वाद्य खाली.

पण खरा फरक पडला तो सुराच्या बाबतीत. कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांत, गंधार आपल्याकडे आला की तो पियानोसारखा लावायचा नाही, खालचा षड्ज ऐकून बसवायचा, शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो, हे तुम्ही रिहर्सलमध्येच माझ्या कानाशी पुटपुटलात आणि चेलोंचा सूर चालू असताना मी बोट केसभर मागे घेतलं तर सगळा कॉर्ड एकदम स्थिर झाला. बाखमध्ये दोन तारा एकत्र वाजतात तिथे मला हेच तर जमत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रिहर्सलला माझ्या सोलोमधली एकच गोष्ट बरोबर घेऊन बसतो. मोठ्या आवाजात स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून बो (गज) दाबायची सवय लागते आणि ती एकट्याच्या वाजवण्यात टोन खाते, त्यावरही तुमचंच औषध, शेजारच्याचा आवाज ऐकू येईपर्यंत स्वतःचा कमी कर.

संगीतकार द्वोरझाकचं तुम्ही सांगितलंत तेही डोक्यात बसलंय, प्रागच्या थिएटर ऑर्केस्ट्रात १८६२ ते १८७१ व्हायोला वाजवत होता आणि त्याच काळात स्वतःच्या सिम्फनी लिहीत होता. तो पगारी होता, आपण हौशी, पण दोन्ही एकत्र चालू शकतं एवढं तर कळतं.

आणि तो एक प्रोग्राम. मी बाहेर बसू का हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती, तुम्हीच कंडक्टरशी बोललात, माझ्या जागी वाजवणारं माणूस शोधलंत आणि सेक्शनमध्ये कोणी तोंड वाकडं करणार नाही हेही पाहिलंत. एवढं कोण करतं हो कोणासाठी? त्या मोकळ्या वेळात मी ते संगीत लोकांसमोर वाजवण्याइतकं तयार केलं, आणि वाजवलं तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत होतात.

मनापासून आभार ताई. नवीन प्रोग्रामचे पार्ट आलेत, माझे कंस करून झालेत, एका जागी बो वर की खाली ते मात्र ठरत नाहीये, तेवढं तुम्ही बघा. आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठीच ठेवा.