माणसं मोजायची तर गणपतीत या

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीचा. फाट्यावर उतरलं की तीन किलोमीटर चढ, मग आमचे चाळीसेक उंबरे. त्या चढाला अजून पायवाटच आहे. का, तर आमची माणसं कमी भरतात, असं एका कचेरीत सांगण्यात आलं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली. सपाटीला पाचशे लोकवस्ती आणि डोंगराळ राज्यं, आदिवासी क्षेत्र वगैरेंना अडीचशे, असा तिचा निकष. सह्याद्री त्या डोंगरात बसत नाही. राज्याच्या डोंगरी विकास कार्यक्रमात मात्र आमचा तालुका डोंगरी आहे. म्हणजे मुंबईला आम्ही डोंगरावर, दिल्लीला सपाटीवर!

२०२४ ला मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही आकडा २०११ च्या जनगणनेचाच. त्यानंतर जन्मलेली पोरं आता दहावीकडे निघालीत, योजनेच्या कागदावर ती अजून जन्मायची आहेत. शिवाय ती मोजणी झाली फेब्रुवारीत. तेव्हा गुऱ्हाळं जोरात असतात. आमच्यातली निम्मी माणसं बायकापोरांसह खाली गुऱ्हाळावर, उरलेली तरणी पोरं शिरोलीच्या एमआयडीसीत नाहीतर मुंबईला. कुलूप लावलेल्या दारात कोण कुणाला मोजणार? गणपतीला या. सगळे घरी असतात, डोंगराचा अडीचशेचा निकष धरलात तर त्याच्या वर डोकी भरतील. पुढची मोजणीही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. रस्ता नाही म्हणून माणसं बाहेर पडतात आणि माणसं नाहीत म्हणून रस्ता मिळत नाही. हा गुंता आम्ही सोडवायचा की तुम्ही?

दोन वर्षांमागे जुलैत रात्री काकीच्या पोटात दुखायला लागलं. घोंगड्याची झोळी करून मेसकाठीला बांधली आणि चौघांनी आळीपाळीनं खांदा दिला. ओढ्यात माझा पाय घसरला, काठी खांद्यावरून निसटली. काकी झोळीतून म्हणाली, "खाली ठेवा रं मला, चालतो की मी." फाट्यावर पोचलो तर मांडुकलीला रस्त्यावर पाणी, कोल्हापूरची वाट बंद. पाणी उतरेपर्यंत दुकानाच्या वळचणीला बसून होतो. काकी वाचली, पण त्यात कुठल्याच योजनेचा हात नव्हता.

फाट्याजवळच्या गावात पूर्वी मुक्कामाची एसटी यायची. भारमान नाही म्हणून ती बंद झाली, आता वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण अर्धं तिकीट काढायला आधी एसटी तर हवी.

केंद्राचा निकष तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे आम्हालाही कळतं. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना मात्र २०१५ पासून राज्याचीच आहे. तिच्यात डोंगरी तालुक्यांतल्या वाड्यांना जनगणनेचा आकडा लावू नका. रेशनकार्डं धरा, मतदार यादी धरा. मत मागायला येणाऱ्यांना आमची संख्या बरोबर माहीत असते.

राहिला वनखात्याचा प्रश्न, कारण वाटेचा एक तुकडा जंगलातून जातो. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२): रस्त्यासाठी एका प्रकरणात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. एवढ्यावर परवानगी मिळू शकते. आमचा तुकडा त्यात सहज बसतो. आम्ही ठराव केलाय, प्रत सोबत जोडली आहे. ती याआधीही एका टेबलावर दिली होती, "साहेब दौऱ्यावर आहेत" हे उत्तर मिळालं.

उत्तर पोस्टानं पाठवलं तरी चालेल. पोस्टमन वाडीपर्यंत चढत नाही, फाट्यावरच्या दुकानात पत्रं ठेवून जातो. कुणीतरी मीठ-तेल आणायला उतरतंच, ते घेऊन येईल.

आपला,
वाडीतला एक मतदार