लघवी मोजली, क्रिएटिनिन राहिले

महोदय,

आयुष्यभर हिशेब लिहिले, निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. पत्नीला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून कोणते औषध चालते ते पाहण्याची तपासणी) दिसले की जंतू कुठल्याच गोळीला दाद देत नाहीत, म्हणून ॲमिकॅसिन या प्रतिजैविकाची १४ दिवस इंजेक्शने ठरली. घरी सोडताना 'लघवीकडे लक्ष ठेवा' एवढे सांगण्यात आले. मी वहीच घातली. मापाच्या भांड्याने मोजायचे आणि लिहायचे: १६००, १७५०, १५०० मिलिलिटर. मी निर्धास्त होतो.

नवव्या दिवशी तिला जेवणाचा वास नकोसा झाला. औषध गरम पडले असेल, म्हटले. अकराव्या दिवशी मुलीने हट्टाने रक्त तपासायला लावले. क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून थेट ३.१! वहीत त्या दिवशीही १६०० लिहिलेले आहे.

हे औषध किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींत साचत जाते आणि इजा बहुधा पाच-सात दिवसांनी दिसू लागते, हे नंतर किडनीच्या डॉक्टरांकडून कळले. लघवी पुष्कळदा नेहमीइतकीच होत राहते. म्हणजे इतके दिवस मी भलताच रकाना भरत होतो. त्यात ती गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत होती, तेही किडनीचा रक्तपुरवठा कमी करणारे. कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. वर्षानुवर्षांची ती गोळी आमच्या लेखी औषधात जमाच नव्हती.

इंजेक्शने थांबवली. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वर आले. कानात किर्रर्र आवाज मात्र राहिला. आतल्या कानाच्या ज्या पेशी हे औषध मारते, त्या पुन्हा येत नाहीत म्हणे.

औषध चुकीचे होते अशी माझी तक्रार नाही, ताप त्यानेच उतरला. पण अशा इंजेक्शनांवर असताना दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पाहायचे असते. दाखल असताना ते आपसूक होते. घरी आल्यावर ते काम कोणाचे? आमच्या डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनच्या वेळा होत्या, पथ्य होते, पुढच्या भेटीची तारीखही होती. त्याच कार्डावर रक्ततपासणीच्या तारखा आणि रिपोर्ट कोणाला दाखवायचा त्याचे नाव लिहायला दोन ओळी पुरतील. कोणी लिहून देत नसेल, तर नातेवाइकांनी मागून घ्याव्यात.

– एक निवृत्त लेखापाल