खुनी कोण हे न सांगितल्याबद्दल

वाचनालयाच्या काउंटरवरच्या ताईंना,
स. न. वि. वि.

पुण्यात एखाद्याला काही ठाऊक आहे आणि तरी तो गप्प बसलाय, असं सहसा होत नाही. इथे पत्ता विचारला तर रस्त्याबरोबर तुम्ही तिकडे का जाऊ नये हेही ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मुद्दाम हे पत्र. अगाथा ख्रिस्तीचं ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ तुम्ही माझ्या हातात ठेवलंत त्याचे आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार पुढे तोंड मिटून बसलात त्याचे.

माझं टिळक रस्त्याच्या आतल्या बाजूला मेडिकल आहे. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावत बसल्यावर रात्री आणखी काही वाचायचं त्राण उरत नाही, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, “हे न्या, तुमच्या धंद्यातलंच आहे.” मला वाटलं, मधुमेहावरचं काहीतरी गळ्यात मारताय.

धंद्यातलं म्हणजे अगदीच धंद्यातलं निघालं! बाईंनी हे लिहायला घेतलं १९१६ साली, महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं बनवण्याचं काम करत असताना. वाचकाला सुटणार नाही अशी रहस्यकथा तुला जमायची नाही, असं बहिणीनं डिवचलं होतं म्हणे. प्रकाशकांकडून साभार परत येत येत १९२० साली एकदाचं छापून आलं. खून होतो स्ट्रिक्नीननं. म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष. वैद्य त्यालाच कुचला म्हणतात आणि शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. गोष्टीत इस्पितळाची औषधांची खोली येते. तिथे येणारा जो तो किती या बाटल्या म्हणून आश्चर्य करतो आणि तिथली मुलगी त्याला विटलेली असते. रात्री साडेअकराला मी एकटीच हसले. आमच्याकडे बाटल्यांच्या जागी ‘एवढी नावं लक्षात कशी राहतात हो?’ असतं, इतकाच फरक.

आणि ते दोघं! युद्धामुळे देश सोडून आलेला बेल्जियन पोआरो, खुनाचा तपास करणारा हाच, पोलिसातून निवृत्त, उंची जेमतेम पाच फूट चार इंच, डोकं अंड्याच्या आकाराचं, मिशा ताठ आणि कपड्यावर धुळीचा कण पडला तर जीव कासावीस होणारा. शेजारी कॅप्टन हेस्टिंग्ज, आघाडीवरून जखमी होऊन आलेला, सरळ, भाबडा, दिसेल त्या मुलीवर भाळणारा आणि मनातून स्वतःलाच मोठा हेर समजणारा. एक जण वस्तू सरळ लावल्याशिवाय पुढे सरकत नाही, दुसऱ्याचा निष्कर्ष वस्तू दिसायच्या आधी तयार. असे दोघं एका सोसायटीच्या कमिटीवर असते तर पहिल्याच सभेत राजीनामे पडले असते.

मला मजा वाटली ती याची की गोष्ट सांगतो हेस्टिंग्ज. चुरा झालेला कॉफीचा पेला, गालिच्यावरचा मेणाचा डाग, कडीत अडकलेले हिरवे धागे, जे पोआरोला दिसतं ते सगळं आपल्यालाही दिसतं. काही लपवलेलं नाही. पण आपण बघतो हेस्टिंग्जच्या खांद्यावरून, आणि तो भलत्याच गोष्टीपाशी रेंगाळतो. मधला मृत्युपत्रांचा घोळ मला जरा लांबलेला वाटला, वकिलांना आवडेल.

विष दिलं कसं, हे मला आधीच उमगलं होतं. बाटलीवर आम्ही रोज जी एक साधी सूचना बघतो, ती जर... जाऊ दे, मीच फोडायला निघाले. दिलं कुणी, हे मात्र काही केल्या लागेना. निम्मं पुस्तक झाल्यावर तुमच्याकडे येऊन मी हळूच विचारलं, “तोच ना?” तुम्ही मागच्या माणसाच्या पुस्तकावर शिक्का मारत म्हणालात, “वर्गणी याच महिन्यात संपतेय तुमची.” चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोआरोनं तरी हेस्टिंग्जला अधूनमधून काहीतरी सूचक सांगितलं असतं.

आणखी एक. शेवटून दुसऱ्या प्रकरणात समासात कुणा वाचकानं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘खुनी’, पुढे बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे कागद घासून घासून लोकरीसारखा झालाय. उजेडात तिरका धरून पाहिला, अक्षर लागत नाही. काउंटरवर तुमच्या शिक्क्याच्या डबीशेजारी तांबडा-निळा खोडरबर असतो आणि त्याची निळी बाजू पार झिजलेली आहे, हे मी पाहिलंय. अशी किती पुस्तकं घासलीत, ताई?

सध्या पुस्तक माझ्या दुकानातल्या मुलाकडे आहे. फोन सोडून तो काही वाचतोय हे मी पहिल्यांदाच बघतेय, त्यामुळे तारीख उलटली तरी मागणार नाही. दंड माझ्या नावावर लिहा. तो तुमच्याकडे ‘तोच ना?’ विचारायला नक्की येईल. त्यालाही वर्गणीचं सांगा.

आपली,
मेडिकलवाली सभासद