शैक्षणिक कर्जाची सरकारी हमी कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की ‘सरकारी हमीचे विनातारण शैक्षणिक कर्ज’ अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. मुलाला नोकरी लागली नाही तर उरलेले सरकार बघून घेईल, अशी अनेक पालकांची समजूत त्यातून होते. ती साफ चुकीची आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची 75 टक्के पतहमी मिळते, पण ती बँकेला. कर्ज थकले तर बँकेचे नुकसान बऱ्याच अंशी भरून निघते. विद्यार्थ्याचे देणे मात्र एका रुपयानेही कमी होत नाही. वसुलीच्या नोटिसा येतात आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, घसरतो, मुलाचा आणि पालकांचाही. कारण जामीनदार नको असला तरी सहकर्जदार म्हणून आई किंवा वडिलांची सही लागतेच.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, म्हणजे व्याजही नसते असे लोक धरून चालतात. व्याज पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात गेली त्या दिवसापासून सुरू होते. सहा लाखांचे कर्ज, दर 10 टक्के, चार वर्षे दरवर्षी दीड लाख उचल, असा हिशेब मांडून पाहा. या बिनहप्त्याच्या, म्हणजे सवलतीच्या काळात सरळव्याज लागते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे 75 हजार, दुसऱ्यावर 60, तिसऱ्यावर 45, चौथ्यावर 30. एकूण 2 लाख 10 हजार. हे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि 8 लाख 10 हजारांवर हप्ता बसतो. दहा वर्षांसाठी तो महिना सुमारे 10,700 रुपये होतो. व्याज वेळच्या वेळी भरले असते तर सुमारे 7,900 झाला असता. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला 1,250 रुपयेच असते. ज्यांना जमेल त्यांनी ते भरत राहावे. अशांना काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. मुदत पंधरा वर्षांची करून हप्ता 8,700 वर आणता येतो खरा, पण एकूण परतफेड पावणेतीन लाखांहून अधिक वाढते.

सरकारची खरी मदत आहे ती व्याजात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर पात्र संस्थांमधील विद्यार्थ्यांचे सवलतीच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळासाठी तीन टक्के व्याजसवलत आहे. वरच्या उदाहरणात ती 63 हजार रुपये होते. मात्र ही योजना सगळ्या कॉलेजांना लागू नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीतील पहिल्या शंभर संस्था, 101 ते 200 मधील राज्य सरकारी संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था एवढ्यांपुरतीच ती आहे. तेव्हा ‘आमच्याकडे विद्यालक्ष्मी चालते’ या कॉलेजच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. विद्यालक्ष्मी पोर्टलवरील यादीत नाव पाहूनच जागा निश्चित करावी.

आपल्याकडे गोंधळ होतो तो महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीमुळे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत असेल तर ही तीन टक्के सवलत मिळत नाही. शिष्यवृत्तीतून होणारी शुल्काची प्रतिपूर्ती बहुतेकदा व्याजसवलतीपेक्षा मोठी असते, म्हणून आधी तिचे गणित करावे आणि कर्ज उरलेल्या रकमेपुरतेच घ्यावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. फॉर्म 16 किंवा सरपंचांचे पत्र चालत नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे सवलतही लागली असे नाही. तिचा अर्ज वेगळा असतो, आणि तो राहून गेला की व्याज निमूटपणे चढत जाते. दर सहा महिन्यांनी खात्याचा उतारा काढून अनुदान जमा झाले का, हे पाहावे. अभ्यासक्रम मध्येच सोडला तर आजारपणासारखे कारण वगळता सवलत बंद होते.

शाखेत ‘तुम्ही आमच्या हद्दीत येत नाही’ किंवा ‘आधी मुदत ठेव करा’ असे ऐकवले जाते. त्याला तोंडी उत्तर देत बसण्यात अर्थ नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच भरावा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. इंडियन बँक्स असोसिएशन या बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अर्जाचा निकाल पंधरा दिवस ते महिनाभरात लागायला हवा, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय तो शाखेने फेटाळायचा नसतो. नकार लेखी मागावा. विम्याचा हप्ता कर्जात मिळवला आहे का, हे मंजुरीपत्रात सही करण्यापूर्वी वाचावे. त्यावरही पुढे व्याजच लागते. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. सोबत पोर्टलवरील अर्जाचा क्रमांक आणि बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच जोडावी.

– एक निवृत्त बँक अधिकारी