सिस्टर, तुम्ही आईला विचारलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तासगावहून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेत आलेल्या, कानाला मशीन लावणाऱ्या आजी आठवतात? मी त्यांची थोरली लेक.

तुमच्याकडे यायच्या आधी एका दवाखान्यातून आईला थिएटरच्या दारातून परत पाठवलं होतं. बीपी १९० वर गेलेलं. घरी मोजलं की बरोबर असायचं, तिथं भीतीनंच चढलं. जो तो म्हणायचा, "घाबरू नका, काही होत नाही." आम्हीही तेच म्हणायचो.

तुम्ही आदल्या रात्री स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "आजी, नेमकी कशाची भीती वाटते?" तेव्हा आई बोलली. तिची आत्या भूल दिल्यावर उठलीच नव्हती. मलासुद्धा हे ठाऊक नव्हतं! मग तुम्ही सगळं सांगितलंत. इंजेक्शन पाठीत, कमरेखालचा भाग बधीर, आजी, तुम्ही जाग्या. आत गारठा असेल, ठोकल्याचा आवाज येईल, पण दुखणार नाही. भूलतज्ज्ञ उशाशीच असतील. आवाजाचं ऐकून मीच दचकले. आई म्हणाली, "आधी कळलं ते बरं झालं."

या वयात गुंगीच्या औषधानं नंतर भ्रम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना ते टाळायचं होतं. सकाळी तुम्ही तिला श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला शिकवलंत. आकडे मोजणं तिला जमेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "जात्यावर काय म्हणायचा?" आईनं डोळे मिटून ओवी धरली. एका ओळीला एक श्वास. लांब सोडलेल्या श्वासानं छातीची धडधड उतरते, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. थोड्या वेळानं बीपी १४२ आलं.

आणि त्या बांगड्या. काढायला सांगितल्यावर आईचा चेहरा उतरला. वाढवाव्या लागतील असं तिला वाटलं. तुम्ही साबणाचा फेस लावून, अंगठा आत दुमडून, एकेक सोडवलीत. बारा मोजल्यात, रुमालात बांधून माझ्या हातात दिल्यात. कानातलं मशीन मात्र थिएटरमध्येही राहू दिलंत, म्हणून आत कोण काय बोलतंय ते तिला ऐकू येत होतं. एवढा वेळ तुम्ही कुठून काढलात, त्या वॉर्डात किती पेशंट होते ते मी पाहिलंय.

आई आता काठी न घेता बागेपर्यंत जाते. बाराही बांगड्या हातात आहेत. द्राक्षं उतरली की पेटी घेऊन ती स्वतः येणार म्हणते. त्या आठवड्यात तुमची ड्यूटी दिवसाची की रात्रीची, तेवढं कळवा.

तुमची,
तासगावच्या आजींची लेक